झोपमोड

रात्री साडेअकराला संगणकाला ‘सस्पेंड’ केलं. पंखा थांबला, बटणावरचा दिवा लुकलुकू लागला. मी खुर्चीतून उठेपर्यंत पंखा पुन्हा घरघरला, पडदा उजळला. सलग तीन रात्री हेच. संगणक जिथून घेतला, तो दुकानदार म्हणाला, “साहेब, लिनक्स काढा, विंडोज टाका. सगळं सुरळीत होईल.”

लिनक्स का काढायचं? संगणकाने झोपायचं कसं आणि उठायचं कशाने, याची नियमावली म्हणजे एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ती डिसेंबर १९९६ मध्ये आणली. त्याबरहुकूम मदरबोर्डच्या बायॉसमध्ये तक्ते भरलेले असतात आणि ऑपरेटिंग सिस्टिम ते वाचून वागते. हे तक्ते लिहितो बोर्ड बनवणारा, आणि ते चालवून बघतो बहुतेकदा फक्त विंडोजवर. म्हणून तर बायॉसने ‘तू विंडोज का?’ असं विचारलं की लिनक्सचा कर्नल ‘हो’ म्हणतो. खरं नाव सांगितलं तर कोणी कधी न तपासलेल्या वाटेला लागायची भीती! जानेवारी १९९९ मधल्या एका ईमेलमध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी एसीपीआयबद्दल, मेहनत आपली आणि लिनक्सचं मात्र आयतं भागणार, अशी खंत बोलून दाखवली होती. मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या आयोवातल्या खटल्यात ती ईमेल जगापुढे आली. चूक तक्त्यात आणि बोल लिनक्सला, हा अन्याय आहे.

माझ्या संगणकाचं दुखणं सापडलं ‘/प्रोक/एसीपीआय/वेकअप’ या फायलीत. प्रत्येक ओळीत एका उपकरणाचं त्रोटक नाव आणि पुढे ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’. एनेबल्ड म्हणजे झोपलेल्या यंत्राला हलवून उठवायची मुभा. एकेकाची मुभा काढायची, सस्पेंड करायचं, थांबून बघायचं. चौथ्या खेपेला ‘एक्सएचसी’ची, म्हणजे यूएसबी कंट्रोलरची, पाळी आली. पंखा थांबला तो थांबलाच. आता कीबोर्डने संगणक उठत नाही, पॉवरचं बटण दाबावं लागतं. चालेल.

इथे एक मेख आहे. त्या फायलीत नाव लिहिलं की स्थिती उलटते, बंद असलेलं चालू होतं. तीच आज्ञा दोनदा दिली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय रीस्टार्ट केल्यावर सगळं मूळपदावर येतं. म्हणून आधी स्थिती वाचून मगच लिहिणारी चार ओळींची स्क्रिप्ट करून ती, संगणक सुरू होताना अशी कामं चालवणाऱ्या, सिस्टिमडीच्या हवाली केली.

एवढा खटाटोप कशासाठी? नुसता जागा बसलेला डेस्कटॉप ५० वॅट खातो असं धरा. रोजचे १६ तास म्हणजे ०.८ युनिट, महिन्याला २४. अशा २० संगणकांची लॅब असेल तर ४८० युनिट, तेही काहीच काम न करता. नीट झोपलेल्या यंत्राला जेमतेम काही वॅट पुरतात.

बोर्ड कंपन्यांना सबब सांगायला जागाच नाही. हे तक्ते तपासणारं कॅनॉनिकलचं ‘फर्मवेअर टेस्ट सूट’ फुकट मिळतं. ते त्यांनी बोर्ड बाजारात येण्याआधी चालवलंच पाहिजे. आणि तुम्ही नवा डेस्कटॉप घ्याल, तेव्हा खिशात लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह असू द्या. काउंटरवरच मशीन त्याच्यावर सुरू करा, सस्पेंड करा, पाच मिनिटं बघा. पंखा आपणहून फिरला तर पैसे देऊ नका.