कलावंतांच्या हॉस्टेलात मुक्काम: डिंगोरेकरांसाठी सूचना

जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्याचा माणूस पुण्यात मुक्कामाला थांबतो तो तीनच कारणांनी: एमपीएससीची परीक्षा, ससूनमधला पेशंट, नाहीतर लग्नाचा बस्ता. लॉजवर पैसे घालवणाऱ्याकडे गाव संशयाने बघतं. आत्याच्या वन बीएचकेत तिची नणंद आधीच येऊन बसलेली असते. मग आठवतो आपल्या वर्गातला तो पोरगा, जो गॅदरिंगमध्ये बक्षीस मिळाल्यापासून बिघडला आणि आता विद्यापीठात नाटक शिकतो. त्याच्या हॉस्टेलची खोली हाच आपला लॉज. पण तिथे राहायचं म्हणजे त्याचं एक शास्त्र आहे.

आधी आपला दर्जा ओळखावा. दुसऱ्याच्या खोलीत चोरून राहणाऱ्याला पुण्याच्या हॉस्टेलांत ‘पॅरासाईट’ म्हणतात. राग मानू नये, ही शिवी नव्हे, पद आहे, आणि ते रिकामं क्वचितच असतं. गेटवरच्या मामांना नमस्कार करून गाव विचारावं. अर्ध्या वेळा ते आपल्याच बाजूचे निघतात. रेक्टर दिसले तर मात्र चुकूनही नमस्कार करू नये. खरा हॉस्टेलवाला रेक्टरला बघून नमस्कार करत नाही, रस्ता बदलतो.

पोचायची वेळ रविवार दुपार. शनिवारी गेलात तर तुम्ही पाहुणे, रविवारी गेलात तर तारणहार, कारण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामापायी २०१९च्या शेवटी वाकडेवाडीला गेलं, तिथे उतरावं. हातात दोन डबे असावेत: एकात मासवड्या, दुसऱ्या कडीच्या डब्यात रस्सा. रस्सा पिशवीत सांडला तर आल्या पावली परत जावं, आता तुमच्याजवळ भांडवल उरलेलं नाही. डबा लगेच उघडू नये. आधी कोणती गादी, कोणाची उशी, पंख्याखाली कोण, हे ठरू द्यावं आणि मगच झाकण काढावं. तीळ, सुकं खोबरं आणि लसणाचा वास कॉरिडॉरभर गेला की शेजारच्या तीन खोल्यांतून माणसं ‘सहज’ येतात. त्यातला एक विचारणारच, ‘‘यात मासा आहे का?’’ मासवडीत बेसन आहे, सारण आहे, मासा फक्त आकारात आहे, हे शांतपणे सांगावं. तो ‘‘किती ऑथेंटिक!’’ म्हणेल. त्याला दोन वड्या कमी द्याव्यात.

आंघोळीचं एवढंच: पहाटे पाचला उरकावी. ती मंडळी तेव्हा झोपायला निघालेली असतात.

रात्री दोनला सगळे चहाला निघतात. गणेशखिंडीचं हे आवार म्हणजे चारशे एकरांवर झाडी, मध्ये जुना गव्हर्नरचा बंगला, १९४९ पासून विद्यापीठ. जुन्नर तालुक्यातला माणूस अशा अंधारातून मुकाट्याने चालत नाही. बिबट्याला चाहूल लागावी म्हणून मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतो आणि काठी आपटतो. तुम्हीही तसंच कराल. ते त्याला परफॉर्मन्स समजतील. समजू द्यावं.

आता बोलणं. ‘‘पुढं काय करणार?’’ हा प्रश्न इथे वर्ज्य आहे. तो घरून फोनवर रोज विचारला जातो. त्याऐवजी ‘‘सध्या काय चाललंय?’’ विचारावं आणि तासभराची सोय झाली समजावं. कोणी स्वगत म्हणून दाखवलं तर लगेच टाळ्या वाजवू नयेत. जरा थांबावं, जमिनीकडे बघावं आणि म्हणावं, ‘‘जमलंय. पण शेवटी सुटलं.’’ काय सुटलं ते तुम्हाला माहीत असण्याची गरज नाही, ते त्याला माहीत असतं. तो पहाटेपर्यंत त्यावर बोलतो.

मुक्काम ऑगस्टात असेल तर परीक्षेचा अभ्यास विसरावा. हे पुरुषोत्तम करंडकाचे दिवस. १९६३ पासून चालू असलेली ही एकांकिका स्पर्धा भरत नाट्य मंदिरात होते, आणि ‘आवाज कुणाचा?’च्या आरोळ्यांनी घसा बसला नाही असं पोरगं त्या काळात सापडत नाही. तुम्हाला बॅकस्टेजला धरतील. घाबरू नये. सेटच्या लेव्हल्स, दारं, खिडक्या एका छोट्या टेम्पोत कशा भरायच्या यावर सगळी थिएटरची मंडळी वाद घालत असतात. ओतूरच्या बाजाराला कांद्याच्या गोण्या रचलेल्या माणसाने पुढे व्हावं आणि दहा मिनिटांत दोर आवळून मोकळं व्हावं. त्या दिवसापासून तुम्ही पॅरासाईट राहत नाही, ‘आपला माणूस’ होता.

यानंतर येतो खरा मान. कुणाला तरी कळतं की तुमचं गाव तमाशाच्या नारायणगावच्या बाजूचं. तिथल्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांवर ही मंडळी प्रोजेक्ट लिहितात. तुम्ही यात्रा कमिटीच्या काकांबरोबर तमाशाच्या राहुट्यांत जाऊन सुपारी ठरवताना घासाघीस ऐकलेली असते. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम त्यांना वहीत उतरवावा लागतो. तुम्हाला तो रात्रभर धुरळ्यात बसून ठाऊक झालेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला सोंगाड्या किती पेंगुळलेला असतो तेही. गप्पा मारायला हरकत नाही. मात्र ‘लोककलेचे अभ्यासक’ म्हणून कुणी ओळख करून दिली तर फुगू नये आणि नाकारूही नये, कारण अभ्यासकाला कॉट मिळते. एक इशारा: तमाशावाले सगळा हंगाम रोज नवं गाव, नवा मुक्काम, असा काढतात आणि वेळेवर बोर्डावर उभे राहतात, हे सांगायचा मोह होईल. सांगून टाकावं. कलावंतांना अधूनमधून हे ऐकवलेलं बरं असतं.

निघताना डबे मोजून घ्यावेत. झाकणं मिळणार नाहीत.

आणि शेवटची सूचना. ते तुम्हाला विचारतील, ‘‘तुमच्या यात्रेला येऊ का?’’ जरूर या म्हणावं. खाल्ल्या मिठाला माणसाने जागावं. फक्त आईला चार दिवस आधी कळवा, आणि तिला धक्का बसू नये म्हणून आकडा निम्मा सांगू नका. तीन येतो म्हणाले तर नऊ येतात, आणि नऊही जणांना मासवडी हवी असते.