पावती, गळ्याकडे बघून

गणपती जवळ आले की आमच्या पोफळीत पावतीपुस्तक घेऊन पोरं दारोदार फिरतात. यंदा माझ्याकडे आला तो अकरावीतला असावा. 251 म्हटल्यावर खूश झाला, पेनाचं टोपण दातात धरलं आणि अडला. पावतीवर छापलंय ‘श्री./सौ./श्रीमती’. नको ते खोडायचं. त्याने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, मग नजर हळूच गळ्याकडे उतरली. गळ्यात काही नाही. मग मनगट. तिथे घड्याळ. शेजारच्या साहेबांची पावती फाडताना त्याने त्यांच्या गळ्याकडे बघितलं नव्हतं. मी दारातच होते.

मराठी बाईच्या नावाआधीची अक्षरं म्हणजे तिच्या नवऱ्याचा दाखला. कु. म्हणजे यायचाय, सौ. म्हणजे आहे, गं. भा. म्हणजे गेला. लग्नपत्रिकेतली चि. सौ. कां. म्हणजे येण्याची आकांक्षा धरून बसलेली. त्याच पत्रिकेत नवरदेव नुसता चि. त्याने फक्त भरपूर जगायचं, आकांक्षेचं खातं मुलीकडे.

इंग्रज या बाबतीत आपल्यापेक्षा निम्मा चौकस. मिस की मिसेस, म्हणजे बोहल्यावर चढलीस का, एवढंच विचारून तो गप्प बसतो. नवरा गेला तरी मिसेस ती मिसेसच. जुन्या रिवाजात तर विधवेच्या पाकिटावरही नवऱ्याचंच नाव, मिसेस जॉन अमुक. पुढे तो टिकला की नाही, ही पोटतिडकीची चौकशी खास आपली. आणि इंग्रजाची मिसेससुद्धा पूर्वी एवढी लग्नाळू नव्हती. अठराव्या शतकात घरात हुकूम चालवणारी कुठलीही पोक्त बाई मिसेस व्हायची. मोठ्या हवेल्यांतल्या मुख्य स्वयंपाकीणबाई बिनलग्नाच्या असूनही मिसेस.

मग 1901 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्राने तोडगा सुचवला: ‘मिझ’. लग्नाचं न विचारता हाक मारा. न्यूयॉर्क टाइम्सला हे पटायला 1986 उजाडलं. त्याआधी दोन वर्षं जेराल्डिन फेरारो उपाध्यक्षपदाला उभ्या होत्या. लग्न झालेलं, पण नाव माहेरचं. पेपर छापायचा मिसेस फेरारो. मिसेस फेरारो म्हणजे त्यांची आई!

बरं, इंग्रजी बोलणारे तरी सगळे एका माळेचे मणी आहेत का? ब्रिटनमध्ये सर्जन झालेली बाई ‘डॉक्टर’ सोडून अभिमानाने ‘मिस’ होते, घरी नवरा आणि दोन मुलं असली तरी. तिथल्या शाळेत बाई विवाहित असोत वा नसोत, पोरांच्या तोंडी मिसच. अमेरिकेच्या दक्षिणेत म्हातारीलाही मिस लावून पुढे तिचं पाळण्यातलं नाव घेतात, आपण ताई म्हणतो तसं. ‘मॅम’ तिथे संस्कार. तेच उत्तरेत एखादीला म्हटलंत, तर आपल्याकडे पस्तिशीतल्या बाईला कंडक्टर ‘मावशी, पुढे सरका’ म्हणतो तेव्हा जे होतं ते होतं.

आपण मात्र मिसेसचं सोनं केलं. हाक नको, नाम करून टाकलं. ‘आमच्या मिसेसना साखर कमी.’ ‘साहेबांच्या मिसेस आल्यात.’ नाव सांगायची गरजच संपली. बायकांनी फिट्टंफाट केली ती ‘आमचे मिस्टर’ म्हणून.

श्रीमती हा खरं तर आपला मिझ. अर्थ स्वच्छ, नवऱ्याशी देणंघेणं नाही, सरकारी कागदावर सरसकट चालतो. पण घरात शिरताना आपण त्याच्या कपाळाचं कुंकू पुसलं. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून येऊन 1962 पासून पोफळीत वीज होतं, आणि त्या विजेमागे वसाहतीत बदलीची माणसं येतात. असंच एक हिंदी कुटुंब आलं. दारावर पाटी, खाली ठळक ‘श्रीमती’. हिंदीत ती चांगली धडधाकट नवऱ्याची बायको. आमच्या बायकांनी पाटी वाचली, ‘एवढ्या लहान वयात!’ म्हणून हळहळल्या, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या यादीतून ते घर हलक्या हाताने गाळलं. आठवड्याने बाई भाजीला आल्या, भांगात बोटभर सिंदूर आणि मागे पिशवी धरून ‘मयत’. यादीत नाव पुन्हा घालताना कुणी ओशाळलं नाही. ‘पाटीवरच तसं लिहिलेलं,’ म्हणाल्या.

कोल्हापुरातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडणं, तिचं खरंखुरं कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतरांना तो कित्ता दाखवला. वर्ष होतंय न होतंय तोच एप्रिल 2023 मध्ये मंत्रालयातून सूचना आली, विधवा न म्हणता ‘गंगा भागीरथी’ म्हणावं का? आजीच्या पत्रांतलं गं. भा. सन्मान म्हणून परत. ओरड झाली तेव्हा ते थांबलं.

सौ. कायमची करून घ्यायची सोयही आहे बरं. नवऱ्याआधी मरायचं. मग कै. सौ. लागतं आणि ते कुणी काढू शकत नाही. आमच्याकडे त्याला अहेवपणी जाणं म्हणतात, आणि ते मागून घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. अहेवपणी गेलेल्या बाईचा नवरा पुढे वीस वर्षं श्री. तो श्री.च.

तर पावती. पोरगा घामेजला होता. म्हटलं, नुसतं नाव लिही रे. ‘तसं नाय चालत, खजिनदार ओरडतात.’ मग? त्याने डोळे मिटल्यासारखं केलं आणि सौ.वर काट मारली, श्रीमतीवर काट मारली, नाव लिहिलं, फाडून दिली आणि पळाला. उरलं होतं श्री.

रात्री मंडपात लाउडस्पीकरवरून देणगीदार वाचले. ‘श्री.’ म्हणून माझं नाव आलं, 251 रुपये. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून बाप्या शोधला.