कशाची मोजणी हाय?

चित्रकाराला प्रेरणा प्रवासातून मिळते, ही गोष्ट माझ्या भाचीला पुण्यात, तिच्या कलेच्या कॉलेजात कळली. प्रवास कुठवर करायचा हे मात्र तिच्या आईनं ठरवलं. भाचीच्या मनात स्पिती होतं, गेलाबाजार हंपी. ताईनं मला फोन करून विचारलं, "तुमच्याकडं डोंगर आहेत ना रे?" आहेत म्हटलं. "किल्ला?" आहे. "लेणी?" तीही आहेत, धाराशिवपासून सात-आठ किलोमीटरवर. "मग पोरीला बर्फात कशाला पाठवू?" अशा रीतीनं हिमालय बाद झाला आणि बालाघाटाची निवड झाली.

ऐन मार्गशीर्षात पोरगी एसटीतून उतरली. पाठीवर बोर्ड, काखेत घडीचं स्टूल, हातात जलरंगांची पेटी. कॉलेजात एक जाडजूड स्केचबुक भरून द्यायचं होतं आणि ते भरायला लागणारी प्रेरणा आमच्या जिल्ह्यानं पुरवायची होती. माझ्याकडं मोटारसायकल चालवणं, पाण्याची बाटली सांभाळणं आणि जमणाऱ्या लोकांशी बोलणं, अशी तीन खाती आली. पहिली दोन मी बरी सांभाळली. तिसऱ्या खात्याला माणसं कमी पडली.

सुरुवात नळदुर्गापासून केली. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात महाल बसवायचा, म्हणजे बांधावरून पाणी कोसळत असताना आत बसून ते कोरड्या अंगानं बघता येईल, ही कल्पना दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली. 'नर' आणि 'मादी' अशा दोन सांडव्यांतून पाणी उडी घेतं. घेतं म्हणजे, नदीला पाणी असलं तर. आम्ही गेलो तेव्हा नर आणि मादी दोघंही कोरडे ठणठणीत होते. भाचीचा चेहरा उतरला. शेळ्या चारणारे एक बाबा काठीवर हनुवटी टेकून कधीपासून उभे होते. ते म्हणाले, "पाणी न्हाई आत्ता. पर तुमी काढा की. कागदावर पाणी सोडायला काय पैसे पडतेत का?"

कागदावर पाणी सोडण्याची आमच्या जिल्ह्यातली परंपरा किती जुनी आहे, हे त्या बिचारीला कुठून माहीत असणार? तिनं निमूटपणे कोरडा बांध काढायला घेतला. पुढ्यात बाबांच्या शेळ्या होत्या, काळ्याभोर, उस्मानाबादी जातीच्या. २०२३ साली जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, पण शेळीपर्यंत तो आदेश अजून पोचलेला नाही. त्यातल्या एकीनं स्टुलाखाली पडलेला टिपकागद खाल्ला. तोवर बाबांच्या शेजारी आणखी सात-आठ जण जमले होते, आणि त्यांतल्या एका वयस्कर माणसानं तो प्रश्न विचारला, जो पुढं जिल्हाभर आमच्या मागावर राहिला.

"म्याडम, कशाची मोजणी हाय?"

मी म्हटलं, "मोजणी नाही हो. चित्र काढायलीय."

"ते दिसतंय. पर कशासाठी?"

याला पुण्याच्या कॉलेजात उत्तर असेल. बोरी नदीच्या काठावर मला ते सुचलं नाही. यात लोकांचा दोष नाही. आमच्याकडं कागद-पेन्सिल घेऊन शेताच्या बांधावर उभं राहणारा माणूस हा आजवर सरकारीच निघालेला आहे. तलाठी येतो तो पंचनाम्याला. मोजणीवाले येतात ते हद्दी ठरवायला. विम्याचे लोक येतात आणि सोयाबीनकडं असं बघतात, जणू त्यानंच मुद्दाम माना टाकल्यात. मग महामार्ग रुंद झाले, भूम-वाशीकडं पवनचक्क्या आल्या, आणि आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव अशी ८४ किलोमीटरची रेल्वे चालली आहे. प्रत्येक वेळी आधी कुणीतरी येतं, झाडाखाली उभं राहतं, समोर बघतं, कागदावर रेघ ओढतं आणि निघून जातं. मग काही वर्षांनी ती रेघ खरीखुरी येते, वावराच्या मधोमध. असल्या मुलखात निव्वळ सौंदर्यासाठी रेघ ओढणाऱ्या मुलीवर कोण विश्वास ठेवणार?

आणि हा संशय आजचा नाही, त्याला ऐतिहासिक पुरावा आहे. तो पुरावा नळदुर्गातच राहत होता. फिलिप मेडोज टेलर हा १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला पोरगा पंधराव्या वर्षी मुंबईला एका पेढीवर नशीब काढायला आला. पेढीचंच नशीब धड नव्हतं, म्हणून हा निजामाच्या नोकरीत शिरला आणि विशीच्या उंबरठ्यावर पोलीस अधिकारी होऊन तुळजापूर भागात घोड्यावरून हिंडू लागला. हिंडता हिंडता चित्रं काढायचा. १८३७ साली लंडनला त्याच्या दख्खनमधल्या चित्रांचं पुस्तक निघालं, दोन वर्षांनी ठगाची कादंबरी आली आणि तिनं विलायत हादरवली. प्रवासातून प्रेरणा घेणारा तरुण कलावंत आमच्या जिल्ह्यानं असा दोनशे वर्षांपूर्वीच पाहिलेला आहे. फरक एवढाच, की त्याला प्रेरणेचा पगार मिळत होता.

१८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला आणि टेलर पुन्हा आला, आता नळदुर्गला, जिल्ह्याचा कारभारी होऊन. जमीनमोजणीचं काम त्यानं हाती घेतलं. चित्रांचा नादही सुटलेला नव्हता. आता कल्पना करा, की एखाद्या गावच्या खापरपणजोबांनी लांबून बघितलं: साहेब टेकाडावर बसलाय, समोर बघतोय, कागदावर रेघा ओढतोय. तो किल्ला रंगवतोय की शेतसारा वाढवतोय, हे तेवढ्या अंतरावरून कसं कळावं? खापरपणजोबांनी सावध पवित्रा घेतला असणार, आणि तोच वारशानं चालत आलेला आहे. टेलरनं पुढं १८६३ साली 'तारा' नावाची कादंबरी छापली, तुळजापूरच्या एका शास्त्र्याच्या मुलीची. म्हणजे आपण मोजले गेलो, रंगवले गेलो आणि वर कादंबरीतही गेलो.

हे सगळं मी भाचीला अणदूरच्या वाटेवर, मोटारसायकलवरून ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मामा, समोर बघ." अणदूरचा खंडोबा हा आमच्याकडचा आणखी एक प्रवासी. वर्षातला मोठा काळ तो अणदूरला राहतो आणि उरलेला नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. दोन्ही गावांत त्याचा लेखी करार होतो. इथं देवसुद्धा कागद केल्याशिवाय हलत नाही, तिथं आमच्यासारख्यांना कोण विचारतो?

तुळजापुरात मात्र कुणी काही विचारलं नाही. तिथं सगळे इतके घाईत होते की भाचीचा बोर्ड गर्दीच्या रेट्यातच पुढं गेला आणि ती त्याच्या मागून. कवड्यांची माळ, कुंकवानं माखलेली पायरी, परडी घेऊन उभी असलेली एक म्हातारी एवढं तिनं कसंबसं टिपलं. म्हातारीनं चित्र बघितलं, "मी एवढी काळी हाय व्हय?" असं विचारलं, आणि तरीही आशीर्वाद दिला. टीका करून आशीर्वाद देणारे समीक्षक मी मराठी साहित्यात फारसे पाहिलेले नाहीत.

समीक्षेचं मूळ पीठ अर्थात तेर. तेरणेच्या काठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या वाटाड्या-पुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेली पेठ म्हणून त्याचं नाव येतं. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या हजारो वस्तू रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच व्यापाऱ्यानं गोळा केल्या; आजचं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावानं आहे. तेरला मिळालेली एक हस्तिदंती बाई अशी आहे की १९३८ साली पाँपेईच्या राखेखाली सापडलेल्या हस्तिदंती बाईची सख्खी बहीण शोभावी. एक बहीण तेरलाच राहिली, दुसरी समुद्र ओलांडून इटलीला गेली. "बघ," मी भाचीला म्हटलं, "तिच्या आईनं तिला अडवलं नाही." भाचीनं ही बाब त्याच रात्री फोनवर ताईला कळवली, आणि ताईनं मला.

पण मला सांगायचंय ते गोरोबाकाकांचं. संतांच्या मेळ्यात मडकी कच्ची कोणती आणि पक्की कोणती, हे काकांनी कुंभाराच्या थापटण्यानं एकेकाच्या डोक्यावर मारून तपासलं, अशी कथा आहे. नामदेव तेवढे कुरकुरले आणि कच्चे ठरले. गोरोबांच्या समाधीपाशी बसून मी ही कथा रंगवून सांगितली. भाची रबरानं खोडता खोडता थांबली आणि म्हणाली, "आमच्याकडे ज्युरी असंच करते. फक्त थापटणं दिसत नाही." मग तिनं आधीची चित्रं उलटून पाहिली, एक फाडलं, आणि माझ्या डब्यातली शेंगाची पोळी खाल्ली.

येळवशीला कुठं जायचं नाही, हे मी तिला बजावलं होतं. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला लातूर-धाराशिवची गावं कुलूप लावून शेतात जातात. रस्त्यानं जाणारा माणूस ओळखीचा असो वा नसो, त्याला हाका मारून कडब्याच्या कोपीपाशी बसवलं जातं आणि भज्जी, उंडे, खीर, आंबील यांखाली गाडलं जातं. तिला वाटलं, मामा वाढवून सांगतोय, म्हणून निघालोच. तुळजापूरच्या अलीकडं पहिली हाक आली, तिथं जेवलो. पुढच्या वळणावर दुसरी, तिथंही जेवलो. तिसऱ्या शेतात आम्ही हात जोडले तर तिथल्या आजोबांनी तांब्याभर आंबील पुढं केली आणि म्हणाले, "जेवू नका. प्या."

पिता पिता त्यांची नजर बोर्डावर गेली. मी सवयीनं बोलून टाकलं, "मोजणी नाही, आजोबा. पोरगी चित्रं काढते."

आजोबा निराश झाले. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच घडलं. मोजणी नाही म्हटल्यावर सगळे सुटकेचा श्वास सोडायचे. यांनी मान खाली घातली. कोपीच्या मागं ज्वारीत खुणेचा दगड रोवलेला होता. रेल्वे त्यांच्या वावरातून जाणार होती, त्याला त्यांची ना नव्हती. पण मोजायला आलेल्यांनी विहीर आणि बांधावरचे आंबे कागदावर घेतलेच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. अर्ज करून झाले होते.

"चित्र म्हंजे जसंच्या तसं येतंय का?" त्यांनी विचारलं.

"येतं की," भाची म्हणाली.

"मग हीर काढा आमची. आन् आंबे."

ती बसली. मी पोरीला इतक्या दिवसांत असं बसलेलं पाहिलं नव्हतं. नळदुर्गला ती दर दहा मिनिटांनी प्रकाशाला नावं ठेवत होती. इथं दगडी बांधणीची विहीर, मोटेचं जुनं थारोळं, कडेला पडलेला पाइप, काही सुटलं नाही. आजोबांची सगळी भावकी पाठीमागं उभी राहून काय राहिलं ते सांगत होती, आणि ती ते घेत होती. तासाभरानं तिनं कागद पुढं केला. आजोबांनी तो हात लांब धरून पाहिला.

"झ्याक आलंय. पर आंबे चार हायेत. हितं तीनच दिसायलेत."

"आजोबा, चौथा तिसऱ्याच्या मागे झाकला जातो. पर्स्पेक्टिव्ह असतं ते."

"आसंल. पर झाकलेल्याचे पैसे कोन देतंय?"

भाची क्षणभर गप्प राहिली. मग तिनं स्टूल उचललं, विहिरीला वळसा घालून पलीकडं मांडलं आणि कोरा कागद लावला. तिथून चारही आंबे सुटे दिसत होते. आजोबांच्या नातवानं सुचवलं, की खाली तारीख टाकून सही करावी. सुनेनं सुचवलं, की झाडांचं वयही लिहावं, निम्मी आपल्या सासऱ्यांनी लावलेली आहेत. शेजारच्या वावरातून एक गृहस्थ धोतर सावरत घाईनं येताना दिसले. त्यांची बोअर होती.

"बुंध्याचा घेर बी टाका," आजोबा म्हणाले. "ते आधी इचारतेत."

भाचीनं पेन्सिल कानाला लावली, पहिल्या आंब्याला दोन्ही हातांनी कवळा घालून पाहिला आणि माझ्याकडं वळून ओरडली, "मामा, तुझ्याकडं टेप आहे का?"