सहा एकर बागायत

आमच्या घरात कुणाचं लग्न जमवायचं झालं की बायोडाटा मी लिहितो आणि सांगतात तात्या. उंची, रास, गोत्र यांत त्यांना रस नसतो. ते थेट शेवटच्या ओळीवर येतात. "लिही. शेती, सहा एकर बागायत." परवा धाकट्या चुलतभावाच्या वेळी माझा हात थांबला. म्हटलं, "तात्या, सातबाऱ्यावर तर जिरायत आहे."

तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सातबारा काय नवरीला वाचायला द्यायचाय?"

शब्दातच बाग असल्यामुळे शहरी माणसाला वाटतं, बागायत म्हणजे फळांनी लगडलेली झाडं, सावली, मधे एखादा झोपाळा. मलाही कॉलेजात जाईपर्यंत तसंच वाटायचं. पण आमच्या पुरंदरकडे ऊसही बागायत, कांदाही बागायत आणि विहिरीला पाणी असलं तर जनावरांची मकासुद्धा बागायतच. बाग फारसीतून आली, पण देशावर पोचेपर्यंत झाडं वाटेत गळाली आणि पाणी तेवढं उरलं. जिरायतीची कथा तर आणखी केविलवाणी आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता 'शेती'. आमच्याकडे येऊन ती आभाळाकडे तोंड करून बसली.

त्यातून 1990 साली सरकारने रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड दिली आणि माळामाळांवर सीताफळ, बोर, आवळा उभा राहिला. झालं! आता फळ आहे ती जमीन जिरायत आणि ज्यात औषधाला फळ नाही तो उसाचा फड बागायत. व्याकरणाच्या मास्तरांनी अशा वेळी करायचं काय?

तात्यांना मात्र हा प्रश्न पडत नाही. त्यांच्या मते जमीन कशी आहे हे विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं असतं. व्याही विचारतोय, तर बागायत. पण कमाल जमीनधारणेच्या कायद्यात 1975 च्या सुधारणेनंतर बारमाही पाण्याच्या जमिनीला मर्यादा 18 एकरांची आणि कोरडवाहूला 54 एकरांची झाली, तेव्हा मोठमोठ्या मळेवाल्यांच्या विहिरी म्हणे एका रात्रीत आटल्या. ज्यांच्या पाटाचं पाणी चार गावं ऐकत होती, ते लोक चावडीवर दुष्काळाच्या गोष्टी सांगू लागले. पुढे रस्त्यासाठी भूसंपादनाच्या खुणांचे दगड पडले, की त्याच जमिनीला पुन्हा पाझर फुटतो. गारपिटीच्या मदतीचंही तसंच. केंद्राच्या 2022 नंतरच्या निकषांत हेक्टरी जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये. पंचनाम्याला आलेल्या माणसापुढे तात्या बांधावरच्या एकुलत्या अंजिराला टेकून उभे राहतात, ते उगाच नाही. (त्या अंजिराला दरवर्षी सतरा-अठरा फळं येतात आणि त्यातली निम्मी पोपट नेतात, हे पंचनाम्यात येत नाही.)

कोकणातल्या माणसाला एकर विचारून बघा. तो झाडं मोजतो. "माझी दोनशे कलमं आहेत," एवढं बोलून तो गप्प बसतो. बाग नारळी-पोफळीची असेल तर ती त्याची वाडी किंवा आगर, आणि गोव्यात उतरलात की त्याच पोफळींखाली मिरवेल, केळी, अननस येऊन त्याचं कुळागर होतं. कुळागर हा शब्द मला फार आवडतो. त्यात कूळ आणि आगर एकाच छपराखाली नांदताहेत असं वाटतं. व्युत्पत्ती काढून तो आनंद घालवायची माझी इच्छा नाही.

नाशिकच्या द्राक्षवाल्यांकडे तर खुद्द बागेचं लिंग बदलतं. शहरातली बाग 'ती', फुगे आणि भेळेसकट. द्राक्षवाल्याचा बाग 'तो'. "यंदा बाग चांगला फुटला", "आमचा बाग फेल गेला". कर्जाचा आकडा जसा वाढतो तशी बाग पुल्लिंगी होत असावी, असा माझा एक अंदाज आहे. डाळिंबवाले बागेचं पाणी तोडतात, पानं गळू देतात आणि मग बहार धरतात. याला म्हणायचं ताण देणं. आम्ही शहरातले लोक ताण घालवायला बागेत जातो, ही मंडळी बागेलाच ताण देऊन बसतात.

या दिवाळीत तात्या पहिल्यांदाच माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर आले. सोसायटीचं नाव आमराई. आवारात आंब्याचं झाड एक, तेही कुंपणापलीकडच्या बंगल्याचं. बाल्कनीत मी कुंडीत लिंबू, दुसरीत अंजिराची फांदी आणि एका जुन्या बादलीत डाळिंब लावलंय. लिंबाला दोन लिंबंही होती. मी जरा ऐटीतच म्हणालो, "तात्या, आमचीपण बागायत बघा."

तात्यांनी बादलीतल्या मातीत बोट खुपसलं. "पाणी कुठलं?"

"नळाचं. दिवसाआड येतं. उन्हाळ्यात टँकर."

त्यांनी बोट धोतराला पुसलं, क्षणभर हिशेब केला आणि तलाठ्याच्या गांभीर्याने म्हणाले, "मग हंगामी बागायत लिही."