पाऊण तासाचा पसारा

एकाच अंकात सुरू होऊन त्यातच संपणाऱ्या नाटकाला एकांकिका म्हणतात. तिच्यात मध्यंतर नसतं, म्हणून बटाटेवडाही नसतो. प्रेक्षकाला खुर्चीत बसवून ठेवण्याची सगळी जबाबदारी त्यामुळे लेखकावर येते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या नाट्यगृहांत मुख्य नाटकाआधी असं एखादं छोटं नाटक होई. जेवणं आटोपून सावकाश येणाऱ्या बड्या मंडळींची खुडबूड त्यात जिरून जाई. रशियात चेखॉव्हनं १८८८ साली ‘अस्वल’ हे असंच एकअंकी नाटक लिहिलं. त्यात एक विधवा आणि तिच्याकडे वसुलीला आलेला जमीनदार पिस्तुलं काढण्यापर्यंत भांडतात आणि शेवटी एकमेकांच्या मिठीत सापडतात. मराठीत एवढ्या ऐवजात तीन अंक आणि डझनभर पदं सहज निघाली असती.

मराठी मुलखात एकांकिका प्रामुख्यानं कॉलेजांत आढळते. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा घेते. प्रयोग जेमतेम पाऊण-एक तासाचा. तालमी मात्र महिनोन्‌महिने चालतात, आणि संहिता प्रयोगाच्या आदल्या रात्रीपर्यंत बदलत राहते. या काळात नटांची वर्गातली हजेरी हा प्राध्यापकांच्या श्रद्धेचा विषय असतो. सेट मिनिटांत लावायचा आणि मिनिटांत काढायचा, म्हणून रंगमंचावर लेव्हलचे चौथरे आणि ठोकळे यांचाच भरणा. एकच ठोकळा प्रसंगानुसार पलंग होतो, लोकलचा डबा होतो आणि निर्लज्जपणे आईची चिताही होतो. शेवट सुचला नसेल तर ब्लॅकआऊट घेतात; सुचला असेल तरीही घेतात. एवढं झाल्यावर प्रेक्षागृहात ‘आव्वाज कुणाचा?’ असा प्रश्न घुमतो. उत्तर प्रत्येक कॉलेजाला आधीपासून पाठ असतं, तरी तो पुन्हा पुन्हा विचारला जातो. परीक्षकांचं उत्तर वेगळं असू शकतं: २०२२ साली त्यांनी करंडक कोणालाच दिला नाही.

चतुरंग प्रतिष्ठानच्या सवाई एकांकिका स्पर्धेत वर्षभरात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांनाच प्रवेश मिळतो. अंतिम फेरीत पोचलेले, वेळ वाचवणारे हे छोटे नाट्यप्रयोग तिथे एका रात्रीत ओळीनं होतात. मुंबईत २५ जानेवारीच्या रात्री पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत पडत-उघडत राहतो. निकाल ऐकून प्रेक्षक थेट झेंडावंदनाला जायला मोकळे होतात.