माजरीचे हवाई दल

माजरीतल्या एका तरुण वैमानिकाचे त्रिवार अभिनंदन! परवा रात्री त्याने संगणकावरच्या खेळात 1940 सालचे स्पिटफायर विमान डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवरून नेले आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. पंखांखालच्या तेलाच्या ओघळासकट सगळे हुबेहूब. आमच्या खिडकीच्या गजांवर बसलेली कोळशाची धूळही हुबेहूबच असते म्हणा, पण तिला लाइक कोण देतो?

आमची नम्र सूचना : खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर झाडेही यापुढे संगणकातच लावावीत. पाणी लागत नाही, फोटो हिरवागार येतो.

तर, विमान शत्रूच्या मागे लागले आणि वीज गेली. गावाखाली कोळसा, जिल्ह्यात 2920 मेगावॅटचे औष्णिक केंद्र. वैमानिक सुखरूप असून मेणबत्ती शोधत आहे.