आटे

(स्थळ: पुण्यातल्या एका सोसायटीतलं स्वयंपाकघर. सिंकवरच्या नळाखाली पातेलं. पातेलं भाडेकरूचं आहे, एवढ्याच बाबतीत अजून एकमत टिकून आहे.)

भाडेकरू: काका, नळ गळतोय.

घरमालक: गळेल कसा? मुलाच्या मुंजीच्या वर्षी बसवलाय. आजवर थेंब नाही सांडला.

भाडेकरू: मुलगा काय करतो आता?

घरमालक: न्यू जर्सीत असतो. यंदा नातवाची मुंज.

भाडेकरू: मग ही नैसर्गिक झीज. करारात स्पष्ट लिहिलंय, झिजेला मी जबाबदार नाही.

घरमालक: त्याच्या वरचं कलम वाचा. किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्यानं करायची. नळ किरकोळच.

भाडेकरू: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. कलम 14. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. त्यानं टाळलं तर 15 दिवसांची नोटीस द्यायची, दुरुस्ती आपण करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत!

घरमालक: (शांतपणे. हे वाक्य आधीच्या बिऱ्हाडांवरही वापरलेलं दिसतं.) ते भाडेकरूंसाठी. तुम्ही भाडेकरू कुठे आहात?

भाडेकरू: मग मी कोण?

घरमालक: आपलं लिव्ह अँड लायसन्स. तुम्ही परवानाधारक.

भाडेकरू: आणि दर पाच तारखेला माझ्याकडून घेता ते?

घरमालक: परवाना शुल्क.

भाडेकरू: मागच्या महिन्यात दोन दिवस उशीर झाला, तेव्हा ‘भाडं कुठाय?’ म्हणून फोन आला होता.

घरमालक: तो बोलीभाषेत केला होता.

भाडेकरू: बरं, केंद्राचा आदर्श भाडे कायदा घ्या. 2021 चा. त्यात दोघांच्या कामांची यादीच दिलीय.

घरमालक: राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

भाडेकरू: लागू नका करू, ऐका तरी. भिंतींचा रंग मालकाकडे.

घरमालक: कसा लागू होईल असला कायदा!

भाडेकरू: वायरिंग मालकाकडे. पाइप बदलायचे झाले तर तेही मालकाकडे.

घरमालक: आणि नळ?

भाडेकरू: (पुटपुटतो.)

घरमालक: जरा मोठ्यानं.

भाडेकरू: नळ आणि वायसर राहणाऱ्याकडे.

घरमालक: अभ्यासू लोकांनी केलेला दिसतो हो कायदा!

(प्लंबर येतो. कॉक बंद करतो, पाना लावतो, नळ काढून हातात घेतो.)

प्लंबर: नळ चांगलाय.

भाडेकरू: बघा! म्हणजे पाइप.

प्लंबर: पाइप पण चांगलाय.

घरमालक: बघा!

प्लंबर: आट्यातनं गळतंय. नळ पाइपात फिरतो ना, तिथनं.

घरमालक: आटे नळाचे असतात.

भाडेकरू: नळाला बाहेरून असतात, पाइपाला आतून. पाणी दोघांच्या मधून येतंय.

घरमालक: मधून म्हणजे नेमकं कुणाच्या बाजूनं?

प्लंबर: साहेब, पाणी आहे ते.

(टेफ्लॉन टेपचे चार वेढे देतो, नळ पिळून बसवतो. एवढ्या वेळात यादीत ‘आटे’ हा शब्द दोघांनाही सापडलेला नाही. कायदा करणाऱ्यांच्या घरचे नळ गळत नसावेत.)

प्लंबर: झालं. टेपचे 20, यायचे 300.

(दोघंही खिडकीबाहेर बघतात. बाहेर बघण्यासारखं काही नाही, पार्किंग आहे.)

प्लंबर: बोलावलं कुणी मला?

घरमालक: मी फक्त नंबर दिला.

भाडेकरू: मी फक्त विचारलं, वेळ आहे का म्हणून.

प्लंबर: मग टेप काढून नेऊ?

दोघं: नको, नको!

घरमालक: हे घ्या, टेपचे 20 माझ्याकडून. उगाच वाद नको.

भाडेकरू: आणि 300?

घरमालक: ते यायचे ना? तुमच्या घरी आलेत ते.

भाडेकरू: माझ्या घरी? काका, आत्ताच तर मी परवानाधारक होतो!